निळा म्हणजे साखर नाही

आमच्या दुकानात ट्यूबलाइट होती, पण तिच्या उजेडावर अण्णांचा काडीचा विश्वास नव्हता. अण्णा म्हणजे माझे वडील. नाशकात मेन रोडच्या एका बोळात त्यांचं मॅचिंगचं दुकान होतं. ब्लाउजपीस, फॉल, अस्तर, दोऱ्याची रिळं, एवढाच माल. बाई साडी घेऊन आली की अण्णा बाईकडे न बघता साडीकडे बघायचे, मागच्या फळीवरून एक तागा ओढायचे आणि दोन्ही घेऊन थेट पायरीवर जायचे. उन्हात साडी नि तागा एकमेकांना लावून बघितल्याशिवाय कात्री चालायची नाही. दिव्याखाली सगळे रंग खोटं बोलतात, असं ते म्हणत. बायकाही हौसेने त्यांच्या मागोमाग पायरीवर येऊन उभ्या राहायच्या.

आमच्याकडे नुसतं निळा नि हिरवा म्हणून भागायचं नाही. चिंतामणी, रामा, मोरपंखी, आनंदी, शेवाळी, आणि त्यातही चिंतामणी जरा हिरव्याकडे झुकला की त्याची फळी वेगळी. अण्णांना झोपेतून उठवून विचारलं तरी ते फळी सांगायचे. बी.ए. होऊन मी दुकानात बसायला लागले तेव्हा बरेच महिने त्यांनी मला तागे फक्त लावायला दिले, कापायला नाही.

स्वभावाने माणूस महासंशयी. सुरतेचा व्यापारी वरचे तागे चांगले ठेवतो आणि खाली कच्च्या रंगाचा माल घुसडतो, यावर त्यांचा ठाम विश्वास. समोरचा दुकानदार तर आमच्याकडे काय येतं नि काय जातं यावर दिवसभर टपूनच बसलेला. मी त्यांचीच लेक. आई म्हणायची, बापाला एका डोळ्याने संशय येतो, लेकीला दोन्ही डोळ्यांनी. नातेवाईक मला संशयी म्हणून हिणवायचे. हिणवू देत. पुढे जे झालं त्यात थोडंफार जे वाचलं ते माझ्या संशयानेच वाचलं, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी अण्णांना साखर निघाली. घरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोड बंद केलं आणि लघवी घरीच तपासायला शिकवलं. आता बोटाला टोचलं की यंत्रात आकडा दिसतो, तेव्हा तसलं काही नव्हतं. एक काचेची नळी, स्पिरिटचा दिवा आणि बाटलीभर निळं औषध. नळीत औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थोडे थेंब टाकायचे आणि उकळी आणायची. औषध निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी आहे, पिवळं झालं तर जास्त, आणि विटकरी झालं तर डॉक्टरांकडे पळायचं. आईला या प्रकाराची भयंकर किळस. तिने सगळं सामान न्हाणीघरामागच्या पडवीत हलवायला लावलं आणि तिथल्या काड्यापेटीला स्वयंपाकघरात यायची बंदी घातली.

अण्णांना मात्र हे काम मनापासून आवडलं. रंगच तर बघायचा, त्यांच्या धंद्यातलंच काम. रोज सकाळी ते पडवीत जायचे, नळी उजेडात धरून बघायचे, ओतून धुऊन टाकायचे आणि घरात येऊन जाहीर करायचे, "निळा." आई देवाला हात जोडायची आणि बिनसाखरेचा चहा पुढे करायची. डॉक्टरही खूश होते. गोळी होती तेवढीच चालू राहिली.

अशी चार-पाच वर्षं गेली आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली. दुकानातला अण्णांचा तांब्या दुपारपर्यंत रिकामा व्हायचा. चपलेने लागलेली साधी जखम, पण ती भरेचना. सदरे खांद्यावरून ओघळायला लागले होते. आणि सकाळी मात्र निळा. कुठेतरी पाणी मुरत होतं.

आईचा संशय सरळ होता, पेढे. लग्नाच्या साड्यांचं मॅचिंग करून नेणाऱ्या बायका कार्य पार पडलं की हमखास पेढे आणून द्यायच्या. "अहो, खरं सांगा, खाल्लेत ना?" ती जेवताना विचारायची. अण्णा ताट बाजूला सारायचे. "नळी निळी येते आणि मी पेढे खातो? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मग आई मला हळूच गल्ल्याखालचा खण बघून यायला सांगायची. मी बघायचे. पेढ्यांचे पुडे तसेच पडलेले असायचे, मुंग्या लागलेले.

माझा संशय निराळा होता. मला वाटायचं, अण्णा रंगच खोटा सांगतात. त्यांच्या ओळखीच्या एका शिंप्याला डॉक्टरांनी इन्शुलिनची सुई लावली होती आणि तो वर्षाच्या आत गेला. सुई म्हणजे शेवट, असं अण्णांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. गोळी वाढू नये, सुई लागू नये म्हणून हा माणूस हिरव्याला निळा म्हणत असेल, यात मला तरी काही अशक्य वाटत नव्हतं. नळी बघायला मागितली की म्हणायचे, "घाण आहे ती, तुला काय करायचंय?"

त्याच सुमारास दुकानात माल परत यायला लागला. चिंतामणी साडीवर रामा फॉल गेला. लिंबू रंगाच्या अस्तराऐवजी मोतिया गेलं. आधी महिन्याकाठी एखादं, मग आठवड्याला. अण्णांनी आधी सुरतेच्या व्यापाऱ्याला शिव्या घातल्या, तो ताग्यांच्या चिठ्ठ्या बदलतो म्हणून. मग पालिकेने बोळात नवा दिवा लावला होता, त्याला नावं ठेवली. शेवटी गाडी माझ्यावर आली. मीच तागे इकडचे तिकडे करते. "लग्न जमत नाहीये ना, म्हणून लक्ष नाही तुझं," ते दोन गिऱ्हाइकांसमोर म्हणाले. मला ते इतकं लागलं की मी तशीच उठून घरी आले आणि दोन दिवस दुकानाची पायरी चढले नाही. आईने समजूत काढून पाठवलं.

मग पैठणीचं प्रकरण झालं. पिंपळगाव बसवंतहून एका बागायतदाराची बायको यायची, आमचं जुनं गिऱ्हाईक. लेकीच्या लग्नासाठी तिने येवल्याला सांगून मोरपंखी पैठणी विणून घेतली होती. अण्णांनी ती पायरीवर नेली, ताग्याला लावली, मान डोलावली आणि कापड फाडून दिलं. मी तेव्हा आत होते. बाईने बघितलंसुद्धा नाही, अण्णांनी बघितलं म्हणजे झालं. पंधरवड्याने ती शिवलेला ब्लाउज घेऊन परत आली. आवाज चढवला नाही तिने. म्हणाली, "अण्णा, लग्न चार दिवसांवर आलंय. हे बघा तुम्हीच. हा निळा कुठे आणि आमची पैठणी कुठे?"

अण्णा दोन्ही घेऊन पुन्हा पायरीवर गेले. चांगलं टळटळीत ऊन होतं. उलटंसुलटं करून त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "बाई, एकच रंग आहे. तुमच्या नजरेत काहीतरी फरक पडलाय."

बाईने माझ्याकडे बघितलं. मी कापडाकडे बघितलं. पैठणी हिरव्याकडे झुकणारी, ब्लाउज शाळेच्या शाईसारखा निळा. शाळेतल्या पोरानेही सांगितलं असतं. बाई पैठणीची घडी घालून निघून गेली, ती पुन्हा आली नाही. अण्णा म्हणाले, "समोरच्याने पढवून पाठवलीय." मला त्या दिवशी पहिल्यांदा राग यायच्या ऐवजी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधीच न्हाणीघरात जाऊन दार ओढून घेतलं आणि फटीतून पडवीत बघत उभी राहिले. वडिलांवर अशी पाळत ठेवणं शोभतं का वगैरे प्रश्न मला पडले नाहीत. मला नळी बघायची होती. अण्णांनी दिवा पेटवला, नळी चिमट्यात धरून उकळी आणली, थोडी गार होऊ दिली आणि अंगणाच्या उजेडात उंच धरली. हिरवी. पावसाळ्यात गोदावरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं तशी गढूळ हिरवी. मला फटीतून दिसत होतं. अण्णांनी ती जवळ घेतली, लांब धरली, पुन्हा जवळ घेतली. आसपास कोणी नव्हतं. आणि मग मान हलवून ते अगदी समाधानाने स्वतःशीच पुटपुटले, "निळा."

माणूस दुसऱ्याला फसवायला खोटं बोलतो. पडवीत एकटा उभा राहून कोण कशाला खोटं बोलेल? हा माणूस खोटं बोलतच नव्हता. त्याला ती खरोखरच निळी दिसत होती.

मी दार उघडून बाहेर आले. अण्णा दचकले, मग भडकले. मी त्यांच्या हातातून चिमटाच ओढून घेतला. "अण्णा, ही हिरवी आहे."

"निळी आहे."

मी आईला हाक मारली. ती नाकाला पदर लावून आली, लांबूनच बघितलं आणि म्हणाली, "हिरवी आहे की हो."

अण्णा आधी नळीकडे आणि मग आमच्या तोंडांकडे बघत राहिले. "तुम्ही दोघींनी मिळून..." एवढंच म्हणाले. दुकान उघडल्यावर मी पायरीवर कापडाचे तुकडे मांडले आणि त्यांना रंगाप्रमाणे लावायला सांगितले. रामा आणि चिंतामणी त्यांनी एकावर एक ठेवले. लिंबू रंग मोतियात घातला. लाल, राणी, आमसुली मात्र बरोबर ओळखले. मी बरोबर-चूक काही बोलले नाही, पण माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. ते तिथेच पायरीवर बसले. तुकडे गोळा करत म्हणाले, "म्हणजे सुरतवाल्याने नव्हते बदलले." त्यांची मला इतकी दया आली की मी आत जाऊन उगाचच तागे झटकत बसले.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे अण्णांनी भिंतीवरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि दिव्याने डोळ्यात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, अक्षरं दिसतात म्हणजे डोळा चांगला आहे असं नसतं. डोळ्यामागच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके आहेत, पिवळे डाग आहेत आणि नको तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटल्यात. त्या फार नाजूक असतात, कधीही फुटतील. डावा डोळा जास्त बिघडलाय, पण उजवाही त्याच वाटेवर आहे. रंगांची गडबड थोडी डोळ्यातल्या भिंगामुळे, थोडी पडद्यामुळे. साखर निघायच्या आधी कित्येक वर्षं ती अंगात असणार. त्यांनी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात जायला सांगितलं, तिथे लेसरचं मशीन होतं.

"दुखत नाही, खुपत नाही, वाचता येतं," अण्णा रिक्षात म्हणाले, "आणि हा म्हणतो मुंबईला जा. मुंबईवाल्याशी याचं साटंलोटं असणार." खरं सांगायचं तर तो विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. तरी आम्ही गेलो, कारण अण्णांना त्यांचे रंग परत हवे होते.

मुंबईच्या डॉक्टर बाई होत्या, मराठी, बोलायला मोकळ्या. त्यांनी अण्णांच्या दंडाच्या शिरेत पिवळं औषध टोचलं आणि डोळ्यांचे फोटो काढले. थोड्या वेळाने अण्णा इस्पितळाच्या मुतारीतून घाबरेघुबरे होऊन बाहेर आले. "यांनी माझ्या अंगात हळद घातलीय," माझ्या कानाशी लागून म्हणाले. डॉक्टर बाईंना हसू आवरेना. तो रंग आहे, म्हणाल्या, उद्यापर्यंत निघून जाईल. मग त्यांनी फोटो दाखवले. काळ्या पडद्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक रेघा, आणि रेघांच्या बाजूला ठिकठिकाणी पांढुरके डाग पसरलेले. रक्तवाहिनीतून रंग बाहेर गळतोय तो असा दिसतो, म्हणाल्या.

अण्णा फोटोवर वाकले. "कच्चा रंग. पहिल्या धुण्यात सुटतो तसा," ते म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांना पटलेली ही पहिली गोष्ट. मग त्यांनी विचारलं, "पण आता ही रोज नळी बघते. गोळ्या वाढवल्या. आता निळी येते, खरी निळी. तरी हे गळणं थांबत का नाही?"

बाईंनी जे सांगितलं ते मला जवळजवळ शब्दाला शब्द आठवतंय, कारण असं उत्तर मी डॉक्टरकडून तोवर ऐकलं नव्हतं. त्या म्हणाल्या, पक्कं कुणालाच माहीत नाही. साखरेने या बारीक वाहिन्यांच्या भिंती वर्षानुवर्षं खरवडल्या जातात, एवढं दिसतं. पण काही जणांना संशय आहे, आणि मलाही आहे, की नुसती साखर हे करत नसावी. रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या शरीराच्या राखणदार. कुठे जखम झाली, जंतू शिरले की धावून जातात, मग तिथे सूज येते. ही भिंत खरवडलेली दिसली की त्यांना वाटतं कोणीतरी आत घुसलंय. घुसलेलं तर कोणीच नसतं. पण त्या भिंतीला चिकटून बसतात, वाट अडवतात आणि चोर समजून घरच्याच भिंती पोखरतात. साखर कमी झाली तरी बिथरलेले राखणदार लगेच घरी जात नाहीत. संधिवातासाठी भरपूर ॲस्पिरिन खाणाऱ्या रोग्यांचे डोळे कमी बिघडतात असं काही डॉक्टरांच्या पाहण्यात आलंय, म्हणून सुजेचा संशय. "संशयच हं," त्या पुन्हा म्हणाल्या, "उगाच ॲस्पिरिन आणून खात बसू नका."

"म्हणजे चोर नसताना मारामारी," अण्णा म्हणाले.

"तसंच काहीसं."

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू या राखणदारांची मुकादम मीच. मला रागही आला आणि हसूही. पुढे कितीतरी वर्षांनी मी वाचलं की पांढऱ्या पेशी खरंच तशा भिंतीला चिकटतात, सुजेची रसायनं सोडतात, आणि आता त्यावर डोळ्यात टोचायची औषधंही निघालीत. बाईंचा संशय अगदी वायफळ नव्हता. पण तेव्हा इलाज एकच होता, लेसर.

"रंग परत येतील?" अण्णांनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "गेलं ते आणता येत नाही. आहे ते टिकवायचं. आधी डावा डोळा करू, तो जास्त वाईट आहे. महिन्याभराने उजवा. उजवा चुकवू नका."

डाव्या डोळ्याला लेसर दिला. हनुवटी टेकवून, डोळ्यावर काच लावून, हिरव्या उजेडाचे झटके. अण्णा घट्ट मुठी आवळून बसले होते. घरी परतल्यावर ते एक तळहात उजव्या डोळ्यावर ठेवून बघायचे, मग डाव्या डोळ्यावर ठेवून बघायचे, आणि दिवसागणिक त्यांचा चेहरा कठीण होत गेला. डाव्याने पूर्वीपेक्षा कमी दिसत होतं. अक्षरांवर धुकं आल्यासारखं, आणि संध्याकाळी तर फारच कमी. बाईंनी आधीच सांगितलं होतं की लेसरनेही थोडी सूज येते, काही आठवडे दृष्टी मंदावते, कडेचं थोडं कायमचं जातं. पण सांगितलेलं वेगळं आणि भोगणं वेगळं.

"ज्याला हात लावला नाही तो डोळा लख्ख आहे," अण्णा म्हणायचे. "ज्याला त्या बाईने हात लावला तो बिघडला. आता तूच सांग, दुसरा तिच्या हातात देऊ?"

काय सांगणार? हिशेब बिनतोड होता. मी रोज नळी उकळत होते, औषधं देत होते आणि रोज त्यांच्याशी वाद घालत होते, पण खरं तर माझंच मन दोन्हीकडे ओढत होतं. डावा डोळा माझ्या समोर मंद झाला होता. उजव्याने अण्णा वर्तमानपत्र वाचत होते. घरच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, जा. नाशिकच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, लगेच जा. अण्णा म्हणाले, सगळे एकाच माळेचे मणी. महिना उलटला. मग लग्नसराई सुरू झाली आणि त्यांना निमित्तच मिळालं. डाव्या डोळ्याला ते सारख्या शिव्या घालायचे, मेल्याने दगा दिला म्हणून. आई रडायची, तिला ते म्हणायचे, रडू नकोस, एक तरी शाबूत ठेवलाय मी.

लग्नसराईच्या ऐन गर्दीत एका दुपारी अण्णा दुकानात पांढऱ्या अस्तराचं कापड मापत होते. रंग मी बघायचे आता, माप ते घ्यायचे. कापता कापता ते थांबले आणि तळहाताने कापड झटकायला लागले. "काळे दोरे पडलेत सगळीकडे," म्हणाले. "रिळं नीट ठेवत जा गं." मी बघितलं. कापड स्वच्छ होतं. दुकानात दिवसभर दोऱ्यांचे तुकडे उडतच असतात, म्हणून पुन्हा नीट बघितलं. एक दोरा नव्हता. अण्णा झटकत होते, फुंकर मारत होते, मापायची पट्टी ठेवून चिमटीने दोरे उचलू बघत होते आणि चिडत होते. "अगं, सरकतायत ते," म्हणाले. गिऱ्हाईक बाई माझ्याकडे बघायला लागली. मी गल्ल्यामागून बाहेर येऊन त्यांचा हात धरला.

"अण्णा, डावा झाका," मी म्हटलं.

त्यांनी डाव्या डोळ्यावर हात ठेवला. दोऱ्यांच्या मागून लाल पडदा उतरतोय, असं ते अगदी हळू आवाजात म्हणाले. म्हणेपर्यंत तो उतरला होता.

दुसऱ्याच दिवशी आम्ही मुंबईला पोचलो. डॉक्टर बाईंनी आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही, ते जास्त जिव्हारी लागलं. आत रक्त भरलंय, लेसर आता आत पोचणारच नाही, म्हणाल्या. विरतंय का, वाट बघू. आम्ही वाट बघितली. पुन्हा गेलो, पुन्हा वाट बघितली. शेवटी त्यांनी सांगितलं की उजव्याचा पडदा ओढला जाऊन सुटलाय. तो बसवायची शस्त्रक्रिया तेव्हा फार थोड्या ठिकाणी व्हायची आणि खात्री कसलीच नव्हती. मग त्यांनी डावा डोळा तपासला. त्याची सूज उतरली होती, नव्या रक्तवाहिन्या वाळून गेल्या होत्या. भिंतीवरच्या अक्षरांच्या खालून तिसऱ्या ओळीपर्यंत अण्णांनी वाचलं. "हा टिकेल," बाई म्हणाल्या. "साखर सांभाळा, हा शेवटपर्यंत टिकेल."

इस्पितळाच्या दारात आम्ही उभे राहिलो. समोरून बस, टॅक्सी, हातगाड्या अखंड चालल्या होत्या. अण्णांनी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवून बघितलं, काढला. मग म्हणाले, "तेव्हाच मला ओढून का नाही आणलंस तू?"

मी दमले होते, भुकेली होते आणि माझा तोल गेला. "ओढून आणलं असतं तर तुम्हीच म्हणाला असतात, पोरीने आंधळं केलं म्हणून."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"म्हणालो असतो," ते म्हणाले.

त्यांनी माझा दंड धरला. मी नेहमीसारखी त्यांच्या डाव्या हाताला उभी होते. त्यांनी मला पुढून फिरवून उजव्या बाजूला घेतलं, जिकडचं त्यांना आता काहीच दिसत नव्हतं. "इकडून चाल," म्हणाले, आणि रस्ता ओलांडेपर्यंत एकदाही त्या बाजूला मान वळवली नाही.